एकदा हव, दोनदा नाई

माझं काम कोणी विचारलं की मी हल्ली सांगतच नाही. "कंप्युटरवर काहीतरी असते," म्हणते आणि मोकळी होते. खरं सांगायचं तर मी दिवसभर स्वतःलाच फोन लावते. या हातातल्या फोनवरून त्या हातातल्या फोनला. पुण्याची एक कंपनी इंटरनेटवरून बोलायचं सॉफ्टवेअर बनवते, ते चालतं की नाही हे बघायचा पगार मला मिळतो. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाहीत भाड्याच्या दोन खोल्या, एकीत टेबल, टेबलावर फोनच फोन, आणि मी आपली बसलेली, "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का? एक, दोन, तीन." शेजारच्या बाईनं मायला एकदा हळूच विचारलं होतं, मोठीच्या लग्नाचं पाहा ना वं, एकटीच बोलत राह्यते दिवसभर. माय पोट धरून हसली. मला काही हसू आलं नाही.

त्या पावसाळ्यात तर मी पार कंटाळले होते. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचा पत्ता सोपा, चार आकडे आणि मधे टिंबं. ते पत्ते पुरेनात म्हणून नव्या पद्धतीचे आले. हे लांबलचक, आकडे आणि अक्षरं एकात एक कालवलेली. नव्या पत्त्यापुढे दाराचा नंबर, म्हणजे पोर्ट, लिहायचा असेल तर आधी पत्ता चौकोनी कंसात बंद करावा लागतो, नाहीतर पत्ता कुठे संपला आणि दार कुठे सुरू झालं हे यंत्राला कळत नाही. मी इमानदारीत कंस टाकायची आणि आमचं सॉफ्टवेअर सेव्ह करताना ते गुपचूप काढून टाकायचं. मग लाल अक्षरांत मलाच सांगायचं, पत्ता चुकीचा आहे. अरे, तूच तर मोडलास ना बाप्पा!

पुण्यात ते सॉफ्टवेअर लिहिणारा एक जण होता. पोरगा गोड, पण त्याचं एक वाक्य ठरलेलं. "ताई, माझ्याकडे तर चालतंय." आणि त्याच्या पाठोपाठ, "तुमच्याकडे नेट वीक असेल." चंद्रपूर जिल्हा म्हटलं की या लोकांच्या डोळ्यांसमोर वाघ येतो आणि मग नेट वीक येतं. मी त्याला पडद्याचे फोटो पाठवायची, तो अंगठा पाठवायचा. आठवडाभर आमचं हेच चाललं. शेवटी कंस टिकायला लागले तेव्हा आनंदसुद्धा झाला नाही, नुसती मान दुखायची राहिली.

त्याच सुमाराला कंपनीनं सगळ्यांना सांगितलं की खराब नेटवर्कवरचे लोक टेस्टिंगला हवेत, कोणी ओळखीचे असतील तर कळवा. मी म्हटलं, त्याची आमच्याकडे ददात नाही. मी लहानीचं नाव दिलं.

लहानी म्हणजे माझी धाकटी बहीण. ती नर्स आहे. गडचिरोलीत पार खाली, नदीपलीकडच्या एका आदिवासी गावात, उपकेंद्रावर. पावसाळ्यात नदी भरली की तिकडचा रस्ता बंद. मोबाइलचा टॉवर आहे, पण तो सोलरवर, आणि आभाळ भरून आलं की तो मान टाकतो. ग्रामपंचायतीच्या खोलीत तेवढं इंटरनेट येतं, तेही सुतासारखं बारीक. त्यावर व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल दुसऱ्या शब्दाला तुटायचा. लिहिलेला मेसेज मात्र जायचा. लहानी रोज संध्याकाळी तिथं जाऊन मला एक मेसेज टाकायची, "बरं हाय." मी तो मायला वाचून दाखवायची. मायला वाचता येत नाही.

"एवढंच लिवलं?"

"एवढंच."

"तिचा आवाज आइकव ना वं मले. दिवसभर त्या फोनाइत डोकं घालून राह्यते, अन् आपल्या घरच्या पोरीचा आवाज आणता येत नाई तुले."

हे असं रोज. लहानी त्या गावात रुजू झाली ती उन्हाळ्याच्या शेवटी. तिच्याआधीची नर्स बदली करून घेऊन गेली होती. मायनं लहानीसोबत वाळलेल्या झिंग्यांचा डबा दिला होता आणि एकच सांगितलं होतं, फोन करजो. त्यानंतर नदी आली आणि फोन बंद. मायच्या जिवाला घोर लागला होता आणि तो घोर ती माझ्यावर काढत होती. मला तिचा राग यायचा आणि राग आला म्हणून स्वतःचाही यायचा.

त्या "बरं हाय"वर माझाही विश्वास नव्हता, हे इथं सांगते. आम्ही ढिवर लोक. बाप तलावात जाळं टाकायचा, माय बुधवारच्या बाजारात टोपली घेऊन बसायची. घरी भांडणं, रडारड सगळं मोकळं, आळीभर ऐकू जाईल असं. पण फोनवर वाईट सांगायचं नाही, ही आमच्याकडची पद्धत. फोन आला कुठेही, कोणाचाही, की "बरं हाय, सगळे बरे हाय, तुमी जेवले का?" कोणी झाडावरून पडलेलं असो की दवाखान्यात ऑक्सिजनवर असो. दूरच्या माणसाला तिकडं बसून घोर कायले लावावा, असा त्यामागचा विचार. बाप आजारी पडला तेव्हा मी पुण्यात नोकरीला होते. काकाचा फोन आला, "बापू बरा हाय, सवडीनं येजो." मी सवडीनं आले. तोवर राख सावडून झाली होती. त्या काकाशी मी नंतर कित्येक वर्षं बोलले नाही, पण त्याला काय दोष देणार, त्यानं माझी काळजीच केली होती.

तर मेसेजमधलं "बरं हाय" म्हणजे काय, हे आम्हाला दोघींना ठाऊक होतं. म्हणूनच मायला आवाज हवा होता. आवाजावरून कळते म्हणायची.

लहानीच्या फोनवर सॉफ्टवेअर बसवायला मेसेजवर मेसेज करावे लागले, पण बसलं. एका संध्याकाळी मी लॅपटॉपवरून कॉल लावला. तिकडे घंटी वाजली. तिनं उचलला. पडद्यावर हिरवी अक्षरं आली, कॉल जोडला गेला आहे. मायनं पदरानं तोंड पुसलं, जसं काही लहानीला ती दिसणारच होती.

"लहाने! मी बोलून राह्यली वं. आयकू येते का?"

काही नाही. नुसती शांतता. खरखरसुद्धा नाही.

"बोलत काऊन नाई?"

मी मेसेज टाकला, आमचा आवाज येतोय का? लगेच उत्तर आलं, येते ना, मस्त येते, माय ओरडून राह्यली ते बी येते. म्हणजे आमचा आवाज तिकडे पोचत होता आणि तिचा आमच्याकडे येत नव्हता. मी कपाळावर हात मारला. कंस झाले, आता हे.

हे का होत होतं ते मला नंतर उमगलं. कॉल जोडताना दोन्ही फोन एकमेकांना पत्ता सांगतात, तुझा आवाज इथं पाठव म्हणून. माझ्या लॅपटॉपला दोन पत्ते होते. एक नव्या पद्धतीचा, बाहेरच्या जगात चालणारा. दुसरा जुन्या पद्धतीचा, पण तो घरातल्या घरातला. लहानीच्या लाइनला नव्या पद्धतीचा पत्ता कळत नव्हता. म्हणून आमच्या शहाण्या सॉफ्टवेअरनं माझ्याकडचा जुना शोधला आणि तोच तिला देऊन टाकला. आमच्या गावात कोणी पत्ता विचारला तर सांगतात, तलावाच्या पाळीवर चिचेजवळचं घर. गावातलं माणूस बरोबर येतं. पण तोच पत्ता पाकिटावर लिहून पुण्याहून टाका, काय होईल? शिवाय तसली चिंच गावोगावी. तसले घरगुती पत्ते सगळीकडे सारखेच असतात. लहानीचा आवाज नदी ओलांडून येतच नव्हता. तो तिथंच, ग्रामपंचायतीच्या खोलीत, बहुतेक त्यांच्या प्रिंटरच्या दाराशी जाऊन उभा राहत होता.

पण त्या पहिल्या संध्याकाळी मला यातलं काही माहीत नव्हतं. मी चिडून कॉल तोडायला हात पुढे केला आणि लॅपटॉपमधून आवाज आला. टूं.

माय दचकली. "हे काय?"

लहानीनं तिकडे फोनवरचं बटण दाबलं होतं. दाबलेलं बटण आवाजाच्या वाटेनं येत नाही, ते घंटीच्या वाटेनं येतं, आणि ती वाट शाबूत होती. मी हे मायला समजावून सांगायच्या आत तिला समजलं होतं. आमच्या घरात मिस कॉलचा हिशेब जुना. मी शिकायला चंद्रपूरला होते तेव्हा एक घंटी देऊन कट केली की पोचली, दोन दिल्या की तुम्ही लावा. मायला आकडे वाचता येत नाहीत, पण घंट्या बरोबर येतात.

"लहाने, आयक. एकदा दाबलं त हव. दोनदा दाबलं त नाई. समजलं?"

टूं.

मायच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. ती खुर्चीवर मांडी घालून बसली. मग सुरूच झाली. जेवली का? टूं. भात? टूं. झिंगे संपले का? टूं. सारे तूच खाल्ले? टूं टूं. पाणी उतरलं का नदीचं? टूं टूं. मच्छरदानीत झोपते ना? टूं. खोटं बोलून राह्यली? जरा वेळानं, टूं. माय इतकी हसली की तिला ठसका लागला. मी तिला पाणी दिलं. मला मात्र आतल्या आत लाज वाटत होती, एवढं शिकून मी आणलं काय, तर टूं.

मग रोज संध्याकाळचा तो कार्यक्रमच झाला. दिवसा मी पुण्याच्या पोराशी भांडायची, पत्ता चुकीचा जातो आहे म्हणून त्याला कागदोपत्री दाखवायची. तो म्हणायचा, माझ्याकडे तर दोन्ही बाजूंनी आवाज येतोय. येणारच, तुझे दोन्ही फोन एकाच घरात आहेत! तुझ्या घरातला पत्ता तुझ्या घरात चालणारच! हे मी त्याला तीन प्रकारे समजावलं आणि तिसऱ्यांदा माझा आवाज चढला. मग मिटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, ताई, थोडं शांतपणे. शांतपणे! माझी माय रोज त्या टेबलाशी येऊन बसत होती आणि माझ्याच कामाची वस्तू तिच्या पोरीचा आवाज गिळत होती. कॅमेरा बंद करून मी थोडी रडले. रडायचं कारण सॉफ्टवेअर नव्हतं, थकवा होता.

अशाच एका संध्याकाळी मायनं नेहमीसारखं विचारलं. जेवली का?

टूं टूं.

"काऊन?" मग तिच्या लक्षात आलं, काऊनला बटण नाही. "जेवाची हाय अजून?"

टूं टूं.

मायनं पुढे वाकून लॅपटॉपच्या जवळ तोंड नेलं. आवाज एकदम खाली आणला. "लहाने, बरी हायेस ना?"

खूप वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं लाइन गेली. पडद्यावर पाहिलं, कॉल चालूच होता. मग आलं. टूं. मी सुटकेचा श्वास घेणार, तोच दुसरं. टूं.

"ताप हाय?" नाही. "कोणी काई बोललं? कोणी तरास देल्ला?" नाही. मायनं डोळे मिटले होते. बाजारात गिऱ्हाईक खरं बोलतंय की घासाघीस करतंय हे ओळखताना ती अशीच बसायची. "बाळंतपण होतं?"

टूं.

"बाई गेली?"

टूं टूं.

"लेकरू गेलं."

हा प्रश्न नव्हता. तिकडून एकदाच आलं, बारीक दाबल्यासारखं, टूं. बटण हळू दाबलं काय आणि जोरात दाबलं काय, आवाज सारखाच येतो हे मला चांगलं माहीत आहे. तरी मला ते बारीकच ऐकू आलं.

"तुले वाटते का तुयी चूक होती?"

मी पडद्याकडे बघत होते. तिकडे त्या ग्रामपंचायतीच्या खोलीत, प्रिंटरशेजारी, माझी बहीण बटणावर बोट ठेवून बसली होती आणि कोणतं दाबू हे तिला कळत नव्हतं. मला तिकडे जायचं होतं, आत्ता, पोहत. मी टेबल घट्ट धरून बसले.

"नोको दाबू," माय म्हणाली. "राहू दे. तू फक्त आयक."

आणि ती बोलायला लागली. आम्हा दोघींच्या मधे एक भाऊ झाला होता, तो एक रात्रही जगला नाही, हे मला ठाऊक होतं. मी तेव्हा लहान होते, पण घरातला धुराचा आणि हळदीचा वास आठवतो. त्या रात्रीची सुईण कशी दाराशी बसून रडत होती हे मात्र मायनं कधी सांगितलं नव्हतं. ते तिनं त्या संध्याकाळी लॅपटॉपला सांगितलं. सुईण म्हातारी होती, माय म्हणाली, ती माझ्या पायाशी डोकं टेकून रडली, मी म्हटलं बाई, तुमी होत्या म्हणून मी हाय, नाईतर आज दोघं गेलो असतो. दुसऱ्या दिवशी तिले भात नेऊन दिला, कारण ती जेवत नव्हती. त्या बाईच्या घरी जा तू. जिचं गेलं तिच्याच घरी जा. भिऊ नोको. तिच्याजवळ बस, काई बोलू नोको, तिची भाषा येत नसंन तरी चालते. अन् आता उठून जेव. जेवशीन?

टूं.

"खरं?"

टूं.

आम्ही दोघी त्या रात्री एकाच ताटात जेवलो. कित्येक वर्षांत जेवलो नव्हतो. माय म्हणाली, आवाज असता त तिनं सांगितलंच नसतं. मी म्हटलं, बटणानंही खोटं सांगता येतंच की. माय म्हणाली, "तोंडाले सवय लागली हाय त्याची. बोटाले नाई."

त्यानंतर काही दिवसांनी पुण्याच्या पोराचा मेसेज आला. ताई, तुमचं बरोबर होतं, सॉरी, पत्ता चुकीचाच जात होता, दुरुस्त केलं आहे, बघा. आता सॉफ्टवेअर आधी बाहेर विचारून घेणार होतं, माझं घर बाहेरून कोणत्या पत्त्यानं ओळखतात, आणि मगच तो पत्ता पुढे देणार होतं. मला खूप बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मी टेबलावर हात आपटला. मायला म्हटलं, आज आवाज येणार. मायनं केस विंचरले.

कॉल लागला आणि लहानीचा आवाज आला. स्वच्छ, पलीकडच्या खोलीत असल्यासारखा. मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता तोही आला.

"हव माय, बरं हाय! सगळं बरं हाय. तू जेवली का? गुडघा कसा हाय तुया? मोठी तरास देते का तुले?"

"त्या बाईकडे गेली होती?"

"गेली होती ना. बरी हाय ते. मी बी बरी हाय. तू घोर नोको लावून घेऊ."

तिचा आवाज हसरा होता. मला सुखानं भरून आलं. एवढ्या दिवसांची मानदुखी, भांडणं, सगळं त्या एका आवाजासाठी होतं आणि तो आला होता. मी मायकडे बघितलं. माय लॅपटॉपकडे बघत होती. तोंडावर काहीच नव्हतं. बापाच्या वेळी मला आलेल्या फोनसारखाच हा फोन होता, हसरा, मोकळा, जेवले का विचारणारा, हे मला जरा उशिरानं कळलं.

"तुया या मशीनले," माय मला म्हणाली, "पयल्यासारखं नाई करता येत का?"

नाही म्हणून मी मान हलवली. लहानी पलीकडून हसून विचारत होती, काय म्हणते वं माय?

मायनं खुर्ची पुढे ओढली.

"लहाने, बोलू नोको आता. बटण दाब. बरी हायेस?"

पावसाचा आवाज येत राहिला. लहानीचा श्वासही येत होता, इतकं साफ झालं होतं आता सगळं. ती काहीतरी बोलायला गेली आणि थांबली.

टूं.

आणि मग, टूं.

"हं," माय म्हणाली, आणि पदर खांद्यावर नीट घेऊन बसली. "आता सांग."